नंदीच्या कानात

यवतच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. उघडनाथ महाराज आले होते! मनातलं गुपित न सांगता उघड करायचे म्हणे. बाया "वळखलं, वळखलं!" म्हणून ओरडत होत्या, बाप्ये मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. मीही गेलो, फुकटचा तमाशा कोण सोडतो?

रीत सोपी होती. महाराजांनी सोबत आणलेल्या पितळी नंदीच्या कानात, देवळात सांगतो तसं तोंडाला हात लावून मनातलं सांगायचं, मग मंचावर जायचं.

"भक्ता!" महाराज गरजले. "ब्रह्मांडाचा टॉवर बोलतोय, फुल्ल रेंज हाय! तू चोरून जिलेबी खातोस!"

आमचे शेजारी जयसिंग आबा गारच पडले. "व्हय महाराज! हे म्या माज्या बायकूला, झुंबरीलाबी सांगितलं न्हाई!"

"इन्सुलिन फेक. अंगारा खा."

आबांनी फेकलं, आणि चार दिवसांत चक्कर येऊन अंगणात पडले. दवाखान्यातून परतले तरी सुई नकोच म्हणत. त्यांची लेक प्रतिभा शिक्रापूरला विज्ञान शिकवते. ती रडली, भांडली. आबांचं एकच, "डॉक्टरला जिलेबी कळली व्हती का?"

पुढच्या रविवारी प्रतिभा आईवडिलांना घेऊन स्वतःच रांगेत उभी राहिली. नंदीच्या कानात पुटपुटली आणि मंचावर चढली.

"मुली!" महाराजांनी डोळे मिटले. "तुझ्या बापानं दौंडला दुसरं लग्न केलंय!"

झुंबरबाईंनी पदर खोचला.

"अगं, देवाशप्पथ न्हाई!" आबा किंचाळले. "दौंडला म्या फकस्त गाडी बदलतो!"

"आबा खरं बोलतात," प्रतिभा म्हणाली. "ही थाप माझी. फक्त नंदीला सांगितली होती. महाराजांना मनातलं कळतं, मग थाप कशी कळली नाही?"

तिनं खाली येऊन नंदीच्या कानात बोटं घातली आणि इवलासा माइक ओढून काढला. कुणीतरी महाराजांचा फेटा उचलला, तर कानात इअरफोन! कार्यालय हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. महाराज स्वयंपाकघराच्या दारानं पसार झाले.

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसण्याचं की लाजेचं, कोण जाणे. "म्हंजी जिलेबी म्याच सांगितली की!" म्हणत त्यांनी तिथंच सदरा वर केला. "दे पोरी, सुई दे."

मला फार बरं वाटलं. मंडळी, कुणी तुमचं गुपित उघड केलं, तर पाया पडण्याआधी एवढंच आठवा, आपण हे कुठं बोललो होतो? आणि औषध बंद करायचं तर डॉक्टरला विचारा. नंदीला नको.