तोकुओकाकांचं मुंगूस

आमच्या बेटावर हाबू नावाचा जहरी साप आहे. उसाच्या फडात निघतो, दगडी कुंपणात निघतो, कधी न्हाणीघरातसुद्धा. किनुएताईच्या मोठ्या बहिणीला तो फडातच चावला आणि दवाखाना गाठेपर्यंत पोर गेली. ताई तेव्हा रांगत होती, तिला त्यातलं काही आठवत नाही. तिच्या वडिलांना, तोकुओकाकांना, सगळं आठवतं.

त्यानंतर लवकरच बोटीतून मुंगसांचे पिंजरे आले. मुंगूस सापाला मारतं, असं कुणा विद्वानानं सुचवलं होतं. धक्क्यावर गाव जमला, गुळाची दारू वाटली गेली, आणि पहिल्या पिंजऱ्याचं दार उघडायचा मान तोकुओकाकांना दिला. त्यांची मुलगी गेली होती ना.

पण हाबू फिरतो रात्री आणि मुंगूस हिंडतं दिवसा. त्यांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी रानातले काळे ससे फस्त केले, बेडूक खाल्ले, जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपवत आणले. हे ससे आमचं बेट आणि शेजारचं एक बेट सोडलं तर जगात कुठेच नाहीत. शेवटी सरकारला जाग आली आणि मुंगसं संपवायला माणसं नेमली. त्यांत किनुएताई होती, पर्यावरणशास्त्र शिकून नुकतीच परतलेली.

नोकरी लागल्याचं तिनं घरी सांगितलं तेव्हा काका जेवत होते. म्हणाले, "मी सोडली, तू मार. घरातल्या घरात भागलं." पुढे त्या विषयावर बापलेक कधी बोलले नाहीत.

मी बऱ्याच वर्षांनी त्या पथकात आलो. माझं काम कुत्रा घेऊन मुंगसाचा वास काढत हिंडायचं. ताई तोवर आमची प्रमुख झाली होती. जुनी माणसं सांगायची, की सुरुवातीला सापळ्यातलं मेलेलं मुंगूस हातात घेतलं की ती त्याचे डोळे मिटायची. मी कधी ते पाहिलं नाही. ती शेपटीला धरून पिशवीत टाकायची आणि पुढच्या सापळ्याकडे निघायची.

एकदा चढावर दम खाताना मी विचारलं, "ताई, काही वाटत नाही का हो?"

"वाटतं ना. कंबर दुखते."

मग सापळे रिकामे निघायला लागले. वर्षं गेली तरी रिकामेच. बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर करायचं ठरलं, मंत्री येणार होते. त्याआधी एकदा सगळी गावं कुत्र्याबरोबर पालथी घालायची होती. फिरत फिरत आम्ही ताईच्या माहेरी आलो. काका पायरीवर बसून रताळ्यांची माती काढत होते. कुत्रा त्यांना ओलांडून थेट मागच्या पडवीच्या दाराशी गेला आणि तिथं बसला. बसणं ही त्याची खूण.

"उंदीर असतील," काका म्हणाले.

"हा उंदराकडे ढुंकूनही बघत नाही हो काका."

ताईनं दार उघडलं. खताच्या पोत्यांमागे कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा होता आणि आत एक मुंगूस. तोंडावरचे केस पांढरे झालेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. आम्हाला पाहून ते दबलं नाही, उलट खायला मिळेल म्हणून जाळीशी आलं.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"तुमच्या सापळ्यात शेवटची मादी सापडली ना, ती हिची आई. ही फडात ओरडत होती. डोळेसुद्धा उघडले नव्हते."

"बाबा, कायदा माहीत आहे ना तुम्हाला?"

"न माहीत असायला काय झालं? गावात सभा घेतलीस तेव्हा पुढच्याच रांगेत होतो." मग काकांचा आवाज उतरला. "म्हातारी झालीय गं. दात पडलेत. एकटी आहे, पिल्लं कुठून घालणार? हा हिवाळा काही काढत नाही ती. तेवढं थांब."

मी म्हणालो, "ताई, मी काही पाहिलेलं नाही."

ती माझ्याकडे वळली. "कुत्र्याला त्याचा खाऊ दे. त्यानं खूण दिलीय. शाबासकी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी देणार नाही."

मी खिशातून खाऊ काढला. कुत्र्यानं तो मटकावला.

तिनं गाडीतून वायूचा डबा आणला. काका म्हणाले, "इथं नको, पोरी."

"गाडीतून नेलं तर घाबरेल. इथंच बरं."

काकांनी स्वतःच तिला पिंजऱ्यातून बाहेर काढलं. ती त्यांच्या बाहीत तोंड खुपसत होती. त्यांनी तिला डब्यात ठेवलं, ताईनं झाकण लावून वायूची चावी फिरवली. काका डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"झालं?"

"अजून थोडं थांबू."

नंतर ताईनं हात धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. भातावर कोंबडीचा गरम रस्सा ओतून आम्हा तिघांना वाढलं.

"मीठ कमी आहे," काका म्हणाले.

"डॉक्टरांनीच कमी सांगितलंय."

मी भात नुसता चिवडत बसलो. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परतताना घाटातल्या वळणावर तिनं गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता रडेल. ती काचेतून समुद्राकडे बघत राहिली. "म्हटलं, आज तरी काहीतरी वाटेल," ती म्हणाली. "डबा बंद केल्यापासून वाट बघतेय." आणि तिनं गाडी सुरू केली.

कचेरीत तिनं सगळं खरं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. पुन्हा तपासणी करायची ठरली आणि समारंभ वर्षभर पुढे गेला. काकांना ताकीद मिळाली. गावात काहीजण ताईला पाहून मान फिरवायचे, "बापाच्या हातातलं घेऊन मारलं हिनं," म्हणायचे. काका मात्र तिला पहिल्यासारखेच फोन करत. गुडघे दुखताहेत, पाऊस नाही, एवढंच बोलत.

समारंभ झाला तेव्हा वार्ताहरानं ताईला कसं वाटतंय म्हणून विचारलं. "रानातले सापळे अजून उचलायचेत," ती म्हणाली. ते उचलून झाल्यावर आमचं पथक मोडलं. मी उसाच्या कारखान्यात लागलो, कुत्रा माझ्याकडेच राहिला. तिला रानात शिरलेल्या मोकाट मांजरांचं काम दिलं. तिनं ते घेतलं.

त्याच वर्षी माझ्या पोरीच्या शाळेनं तिला बोलावलं. मुलांना वेगवेगळ्या नोकऱ्यांची ओळख करून द्यायची होती. पालक म्हणून मीही मागे बसलो होतो. एका मुलीनं विचारलं, "तुमच्यासारखं काम करायला काय लागतं?"

"चढ चढायची सवय."

बाईंना ते पुरेसं वाटलं नाही. त्या हसून म्हणाल्या, "आणि निसर्गावर प्रेम, हो ना?"

ताईनं जरा विचार केला. "असलं तर घेऊन या. मीही आणलं होतं."

मग एका मुलानं सुट्ट्या किती मिळतात ते विचारलं, आणि ते तिनं फळ्यावर लिहून नीट समजावून सांगितलं.