डार्लाच्या गाडीचे दिवे

डार्ला गेली मंगळवारी, शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलांना वाढता वाढता डोकं दुखतंय म्हणाली, खुर्चीत बसली, आणि डोक्यातली शीर फुटून तिथेच संपली. त्रेचाळीस वर्षांची होती. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ डेल्मर, तेव्हा घरामागे लाकडं फोडत होता. सांगायला मीच गेले. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, फोडलेली लाकडं नीट रचली, आणि मग मला विचारलं, "कोण डार्ला?"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती त्याची. नवऱ्याला सोडून आल्यापासून डार्ला त्याच्याकडेच राहायची.

शुक्रवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली आणि नदीपलीकडच्या टेकडीवर, दफनभूमीकडे निघायची वेळ झाली. डेल्मर म्हणाला, "माझा ट्रक नको. तिच्या गाडीतून जाऊ."

"तुला जमेल का ती चालवायला?" मी विचारलं.

"वांडा, तुझ्या जन्माआधीपासून गाडी हाकतोय मी."

ते खरंच होतं. पण डार्लाची गाडी नवी कोरी, उन्हाळ्यात घेतलेली. चावी खिशात ठेवली तरी चालू व्हायची. डेल्मरला त्या गाडीचा रागच यायचा. एकदा डार्ला त्याला शेजारी बसवून समजावत होती, तेव्हा मी मागे होते. "डॅडी, दिव्यांना हातच लावायचा नाही. ऑटोवर ठेवलेत. अंधार पडला की आपले आपण लागतात." डेल्मर म्हणाला, "गाडीला अंधार कळतो, तर रस्ताही कळत असेल. मग मी कशाला? मी घरी झोपतो." ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

चर्चसमोर गाड्यांची रांग लागली. पुढे काळी शववाहिका, तिच्यामागे आम्ही, आमच्यामागे सगळं गाव. दफनविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर पर्विस प्रत्येक गाडीच्या टपावर छोटा झेंडा लावत आले. आमच्या काचेशी वाकून हळूच म्हणाले, "डेल्मर, हेडलाइट लावा तेवढे."

"लावलेत की. समोर बघा." शववाहिकेच्या काळ्या पाठीवर खरंच दोन पांढरे ठिपके चमकत होते.

"ते दिवसाचे बारीक दिवे. ते नेहमीच असतात. मोठे लागले नाहीत, मागचे लालही बंद आहेत. अंत्ययात्रा दिव्यांवरूनच ओळखतात, नाहीतर पुलावर परक्या गाड्या रांगेत घुसतील."

डेल्मरने स्टिअरिंगच्या उजवीकडची दांडी फिरवली. काचेवर पाण्याची चिळकांडी उडाली आणि वायपर खसाखसा फिरायला लागले. त्याने घाईने ते बंद केले आणि डावीकडची दांडी स्वतःकडे ओढली. मोठे दिवे लखकन पेटले आणि हात सोडताच विझले. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तीनचारदा झालं. पुढच्या गाडीला बाजूला हो म्हणून आपण दिवे मारतो ना, तसे तो आपल्याच लेकीच्या शवपेटीला मारत होता.

"डेल्मर, थांब," मी म्हटलं.

"मी बघत होतो ना तेव्हा! ती दाखवत होती आणि मी नुसती थट्टा करत बसलो!" त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला. पायरीवर उभ्या बायका दचकल्या. त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले.

मिस्टर पर्विस रांगेतून मागे मागे विचारत गेले, ही गाडी कुणाला माहीत आहे का. परतले तेव्हा त्यांच्याबरोबर रँडल होता.

रँडल म्हणजे डार्लाचा नवरा. सोडलेला. पूर्वी प्यायचा. एका रात्री पिऊन त्याने डार्लासकट गाडी ओढ्यात घातली, तिचा हात मोडला. डेल्मर दवाखान्यातून लेकीला थेट आपल्या घरी घेऊन आला आणि रँडलला बजावलं, "माझ्या दारात दिसलास तर बंदूक घेऊन बाहेर येईन." त्यानंतर गावात कुणी डेल्मरपुढे त्याचं नाव काढत नसे. आज तो चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसला होता, गाडीही त्याने रांगेच्या टोकाला लावली होती.

"मिस्टर डेल्मर," तो खाली बघत म्हणाला, "हात घालू का आत?"

डेल्मर सीटवर मागे सरकला. रँडलने खिडकीतून हात घातला, डाव्या दांडीच्या टोकाची गोल कडी चिमटीत धरली आणि पुढे फिरवली. टक. टक. समोरच्या पट्टीवर हिरवा दिवा उमटला. "ऑटोच्या पुढे दोन घरं. मागचेही लागले आता."

तो हात काढून घेत होता, तेवढ्यात डेल्मरने त्याचं मनगट धरलं. "न बघता फिरवलंस. तुला ही गाडी कशी माहीत?"

रँडलने माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय माहीत होतं!

"चालवलीय मी," तो म्हणाला. "घ्यायला आम्ही दोघंच गेलो होतो."

"दोघं?"

"मी दारू सोडलीय, मिस्टर डेल्मर. पुष्कळ दिवस झाले. वसंतात तिला भेटून सांगितलं. नंतर ती शनिवारी यायला लागली."

"शनिवारी ती चर्चच्या गाण्याच्या तालमीला जायची."

रँडलने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "माझी आई अंथरुणाला खिळलीय. डार्ला तिचे केस धुवून द्यायची."

शववाहिकेच्या चालकाने आरशातून मागे पाहिलं. मिस्टर पर्विस दोन पावलं दूर जाऊन उभे राहिले.

"मला का नाही सांगितलं तिने?" डेल्मरचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाही नीट ऐकू येईना. "एवढी भीती वाटायची माझी?"

"भीती नाही हो. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलंत. तुम्हाला वाटेल सगळं पाण्यात गेलं, म्हणायची. ख्रिसमसला सांगणार होतो. मी कोट पण घेतला होता, तुमच्या घरी यायला." त्याने स्वतःच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डेल्मरने त्याचं मनगट सोडलं. दार उघडून खाली उतरला. मला वाटलं, आता मारतो. माझा हात माझ्याही दारावर गेला. पण तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "चालव तू. मला पुढचं काही दिसत नाहीये."

पुलावर समोरून कोळशाचे ट्रक येत होते. आमचे दिवे बघून एकामागून एक कडेला थांबत गेले. एका चालकाने टोपी काढून छातीशी धरली. आरशात मला डेल्मर दिसत होता. तो खिडकीबाहेर बघत नव्हता, रँडलच्या मानेकडे बघत होता.

खड्ड्याशी रँडल पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. पेटी खाली सोडायची वेळ आली तेव्हा डेल्मरने मान वळवून त्याला शोधलं आणि नुसता हात पुढे केला. रँडल आला. दोघांनी मिळून मूठभर माती टाकली. नंतर रँडल तिथेच मातीत बसला. त्याला मिस्टर पर्विसनी आणि मी उठवलं. डेल्मर बाजूला तसाच उभा होता, त्याला ते दिसलंसुद्धा नाही.

चर्चच्या तळघरात जेवण मांडलं होतं. हॅम, घेवड्याच्या शेंगा, कॉर्नब्रेड, कुणीकुणी आणलेले ॲपल पाय. डेल्मरने कशालाच हात लावला नाही. तो रँडलसमोर खुर्ची ओढून बसला.

"शनिवारी काय करायची ती, सांग."

रँडलने सांगितलं. आईचं झालं की दोघं मागच्या पायरीवर बसायची. ती टोमॅटो मीठ लावून खायची, त्यालाही द्यायची. रेडिओवर बेसबॉल लागायचा आणि तिला त्यातलं काही कळायचं नाही. एकदा तळ्यावर गेली होती दोघं, पाण्यात पाय सोडून बसली होती, तिची एक चप्पल वाहून गेली.

"आणि मग?" डेल्मर विचारायचा. रँडल आणखी काहीतरी आठवून सांगायचा. "हसायची का?" "हो, खूप." "आणि मग?"

बायका खरकटी ताटं गोळा करत होत्या. शेवटी रँडल थांबला.

"एवढंच, मिस्टर डेल्मर," तो म्हणाला. "आम्हाला एवढेच शनिवार मिळाले."

डेल्मरने मान हलवली. उठला नाही. खुर्च्या घड्या घालायची वेळ झाली, तेव्हा आम्ही सगळ्या घातल्या, त्या दोन राहू दिल्या.