तीनशे बारा पत्ते

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, यॉसूला माझ्या वडिलांची शिंपल्यांची शेती. माझं नाव तिथल्याच मतदारयादीत होतं. शिकायला आल्यावर ते इथं, कॉलेजच्या शहरात हलवावं असं कधी मनात आलं नाही. ते डोक्यात घातलं मी-रान ताईनं. ती आमच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, माझ्याहून तीन वर्षं पुढे. कॉलेजच्या वसतिगृहासाठी आम्ही फलक घेऊन उभे राहायचो आणि आसपासचे घरमालक ते होऊ देत नव्हते. त्यांच्या खोल्या रिकाम्या पडल्या असत्या ना! ताई म्हणाली, घोषणांना कोणी भीत नाही, मतांना भितात.

मग मी दारोदार फिरले. तीनशे बारा मुलांनी मतदारयादीतले आपले पत्ते बदलले. नगर परिषदेला उभ्या राहिलेल्या, वसतिगृहाचं वचन देणाऱ्या प्यो साहेबांसाठी मी प्रचाराचं हिरवं जाकीट घालून दोन आठवडे चौकात येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून नमस्कार केला. एक पेपर बुडाला. साहेब एकशे नव्वद मतांनी निवडून आले.

ताई त्यांच्या कार्यालयात नोकरीला लागली, तेव्हा आम्हाला आनंदच झाला. आपलं माणूस आत गेलं.

सप्टेंबरात वसतिगृहाचा ठराव परिषदेत आला. प्यो साहेब रहिवाशांच्या भावनांवर बराच वेळ बोलले आणि त्यांनी विरोधात मत दिलं. ठराव एका मतानं पडला. मागे बसून त्यांच्या हातात कागद देत होती मी-रान ताई.

मी तिला जिन्यात गाठलं.

"तुला आधीच माहीत होतं?"

"ऑगस्टपासून." तिनं नजर चुकवली नाही. "सो-द्याम, तुम्ही चार वर्षांनी निघून जाता गं. घरमालक इथंच राहतात."

"तुझ्या शब्दावर पत्ते बदलले त्या मुलांनी."

"माझ्या नाही. दारं तू वाजवलीस."

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं.

पुढचा आठवडाभर मी पुन्हा तीच दारं वाजवली आणि झालं ते सांगितलं. काहींनी तोंडावर दार लावलं. एकीनं विचारलं, नाव परत गावी नेऊ का? मी म्हटलं, राहू दे. का, ते मला धड सांगता आलं नाही.

तेव्हापासून परिषदेची एकही बैठक मी चुकवलेली नाही. कोण काय बोललं ते लिहून घेते आणि कॅन्टीनच्या फळ्यावर लावते. मुलं जेवता जेवता वाचतात.

मागच्या महिन्यात ताईनं कॉफीला बोलावलं. मी गेले नाही.