उभ्यानं निजणारे आबा

वरवंडला हायवेच्या कडेला हनुमंतचं पुतळे घडवायचं पत्र्याचं शेड आहे. दुपारी आत प्लास्टरची धूळ उन्हात तरंगत राहते आणि अर्धेमुर्धे पुढारी, शिर बसायच्या आधीच, छाती काढून उभे असतात. मेंढरांमागं हिंडताना भीमेच्या चिखलाची मेंढरं वळणारा हा धनगराचा पोरगा पाबळला वेल्डिंग शिकला, पुण्यात शिल्पकला शिकला, आणि आता आसपासच्या कुठल्याही चौकात बस थांबली की त्याच्या हातचं कुणीतरी बोट दाखवत उभं असतं. नाव झालं. वडील मल्हारीआबा तेवढे घडवायचे राहून गेले.

आबा वारले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. काचबिंदूनं आईची, भामाबाईची, नजर गेली तेव्हा ती म्हणाली होती, "एकदा भेटव मला त्यांना." म्हणून त्यानं आठवून आठवून मातीत आबा उभे केले आणि आईला धरून शेडमध्ये आणलं.

तिचे हात चेहऱ्यावरून फिरले. "नाक त्यांचंच हाय." मग खांदे, छाती, ताठ पाठ. हात मागं आला. "ह्यो कोन पुढारी केलास रं?"

हनुमंत हसला. "आई, आबाच हायेत."

"न्हाई. ह्यो जागा हाय. तुझं आबा काठीवर भार टाकून उभ्यानंच निजायचं. मी भाकरी घिऊन गेले तरी उठवत न्हवते."

ती गेल्यावर तो तिथंच बसून राहिला. चौकातली छाती आपण बापाला चिकटवली, याची त्याला लाज वाटली. डोळा लागला असावा. रान पेंगत होतं, घंटा मधूनच किणकिणत होती, आणि आबांच्या सावलीत आडवा पडलेला लहानगा हनुमंत खालून बघत होता: काठीवर टेकलेली हनुवटी, सैल खांदा, मिटलेल्या पापण्या. अंगाचा भार कुठून कुठं उतरतो हे तो तिथंच शिकला होता, कॉलेजात नव्हे.

त्यानं माती उतरवली, आतला लोखंडी सांगाडा वाकवला आणि पुन्हा माती चढवली. शेवटी अंगठ्यानं पापण्या मिटल्या.

आई पुन्हा आली. "आता बघ, आई, हे..."

तिची बोटं पापण्यांवर थांबली. दुसरा हात तिनं चाचपडत हनुमंतच्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "निजल्यात."

आणि ते उठेपर्यंत थांबायचं असल्यासारखी त्यांच्या पायाशी बसली.