केरबांची हाक

शहरातल्या गारखेडा भागातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर रामेश्वर आपल्या वडिलांसह भाड्याने राहत असे. शहागंजातल्या एका दुकानात तो मोबाइल दुरुस्त करी. वडील केरबा, ज्यांना तो दादा म्हणे, हे वैजापूरकडचे मेंढपाळ. दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला, आणि ज्या माळांवर ते उन्हाळ्यात कळप आणीत तिथे शहराने प्लॉटचे दगड रोवले. सारी मेंढरे विकून केरबा मुलाकडे आले आणि बोलेनासे झाले.

त्याच सुमारास रामेश्वरने परदेशातून हातात मावणारा एक संगणक मागवला. तो मुळात खेळांसाठी घडवलेला. परंतु त्याचे अंतरंग कोणापासूनही लपवलेले नाही, ज्याला येते त्याने त्यात हवा तो प्रोग्राम लिहावा, असे त्याने मला समजावले. विद्येचा हा व्यवहार मला, जुन्या शिक्षकाला, पवित्र वाटला. यंत्र येण्यास चौदा महिने लागले, आणि तेवढ्या काळात त्याची आशा वाढतच गेली.

"सगळं उघडं हाय ह्याचं, गुरुजी. दादांची मेंढरं म्या ह्याच्यात चरायला सोडतो. दादांनी हाक मारली की माना वर करतील, बघा तुम्ही."

यंत्र आल्यावर त्याने त्यात गावाकडचा माळ रचला. काळ्या कानाची, लंगडी, सर्वांपुढे चालणारी, एकेक मेंढी आठवून रेखाटली. अडचण एकच होती. हाक ओळखता यावी म्हणून ती यंत्राला आधी पुष्कळदा ऐकवावी लागे, आणि केरबांनी तर कळप गेल्यापासून हाक मारलीच नव्हती. तेव्हा रामेश्वरने गच्चीवर जाऊन वडिलांची हाक स्वतःच्या गळ्यातून पुनःपुन्हा काढली. हुबेहूब आहे, असे मीच त्याला म्हणालो.

एका रविवारी, टँकरचे पाणी भरून झाल्यावर, त्याने मला वर बोलावले. केरबांनी यंत्र दोन्ही तळव्यांवर धरले होते. पडद्यावरच्या मेंढ्या त्यांनी एकेक करून न्याहाळल्या. मग त्यांचे ओठ हलले आणि ती हाक निघाली. क्षीण, चिरकलेली, पण त्यांचीच.

मेंढ्या चरत राहिल्या.

केरबांनी पुन्हा हाक दिली. रामेश्वरचा चेहरा उतरला. यंत्र बिघडले की काय, या भीतीने त्याने स्वतः तीच हाक दिली, तशा पडद्यावरच्या साऱ्या माना एकदम वर झाल्या.

मेंढरू आपल्या धन्याचाच गळा ओळखते, हे धनगराच्या मुलाला शिकवावे लागत नाही. वडिलांना बोलते करण्याच्या ओढीत तेवढेच तो विसरला होता.

केरबा रागावले नाहीत. यंत्र त्यांनी हलकेच मुलाच्या हाती दिले.

"चांगली हायेत," ते म्हणाले. "पर तुझी हायेत. माझी गेली."

रामेश्वर त्यांच्या पायाशी बसला. वीसच वेळा हाक मारा दादा, ह्याला शिकवतो, असे विनवीत राहिला. केरबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. पडद्यावरचा कळप अजून रामेश्वरकडे पाहत उभा होता, आणि ते यंत्र त्याने बंद केले नाही.