रखडू आणि दोन पाट्या

"अगं ए रखडू, चल की लवकर!" शाळेच्या फाटकापाशी बाबांनी मागे रेंगाळणाऱ्या लेकीला हाक मारली. झालं! पोरांनी तो शब्द उचलला, आणि बघता बघता अख्खा वर्ग तिला रखडू म्हणू लागला. शनिवारी तिने सांगून टाकलं, "मी आता शाळेत जाणार नाही."

बाबा प्राणिसंग्रहालयात पाट्या रंगवत. त्या दिवशी ते तिला कामावर घेऊन गेले. दोन पाट्या शेजारी शेजारी लागायच्या होत्या. एक बेटावरच्या पक्ष्याची, दुसरी झाडाला उलट्या लटकणाऱ्या स्लॉथची. दोघेही संपत चाललेले. बाबांनी खडूने मजकूर आखला होता : 'उडायला विसरलेला वेंधळा पक्षी' आणि 'जगातला सर्वांत आळशी प्राणी'.

मजकूर तपासणाऱ्या बाई आल्या. वाचून म्हणाल्या, "अरे, ही माहिती आहे की शिव्या?"

"गंमत असली की लोक थांबून वाचतात, बाई."

"वाचतील आणि म्हणतील, असल्यांना वाचवायचं कशाला? या पक्ष्याच्या बेटावर पाठलाग करणारंच कोणी नव्हतं, मग उडायचं कशासाठी? पुढे माणसांबरोबर मांजरं नि उंदीर आले, तिथे घात झाला. आणि स्लॉथ जगतो पाल्यावर. त्यातून ताकद ती किती मिळणार? शिवाय हळू हलतो म्हणूनच तो शिकाऱ्याच्या नजरेत येत नाही. जंगल तोडायचं आपण, आणि आळशी तो?"

"बाबा, तो हिरवट पण आहे," स्लॉथचा फोटो निरखत बसलेली मुलगी म्हणाली. "तुम्ही नुसता तपकिरी रंगवलाय."

बाईंनी वाकून पाहिलं. "शाब्बास! त्याच्या केसांत शेवाळ उगवतं. घाईत हे कुणाला दिसतं?"

"मग तो रखडू नाही?"

"मुळीच नाही गं."

"मग मी का?"

बाबांनी कुंचला खाली ठेवला. त्यांनी फडकं ओलं केलं आणि दोन्ही पाट्यांवरचा खडूचा मजकूर स्वच्छ पुसला.

सोमवारी फाटकापाशी पोरं ओरडली, "रखडू आली!"

"तो शब्द माझा होता रे, आणि चुकीचा होता," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तो परत घेतला!" मग मागे वळून म्हणाले, "सावकाश ये गं बाळा. मी थांबलोय."

तिने बुटाची नाडी नीट, दुहेरी गाठ मारून बांधली आणि आत गेली.

मंडळी, नाव एकदाच ठेवायचं असतं, नावं ठेवत बसायचं नसतं. ज्याला आपण नावं ठेवतो, त्याला सावरायला आपला हात पुढे होत नाही. पाखरू असो की पोर, आधी त्याचं जगणं समजून घेऊ या!