सांगायच्या खोलीतले स्टूल

माझी बैठक डावीकडे एक पूर्ण फेरा फिरवली, की ती सहा मिलिमीटर वर येते. उजवीकडे फिरवली, की तेवढीच खाली जाते. फरक इतका थोडा, की बसणाऱ्याला तो कळत नाही. पण बोलता बोलता जो माणूस डावीकडेच वळत राहतो, त्याचे पाय हळूहळू जमिनीवरून सुटतात. मग तो अस्वस्थ होतो आणि कारण मात्र दुसरीकडेच शोधतो.

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. तीन पाय, मधोमध आट्यांचा लोखंडी दांडा आणि वर गोल लाकडी बैठक. तीन पायांचा असल्यामुळे मी कुठल्याही खडबडीत फरशीवर डुगडुगत नाही; चार पायांच्या खुर्चीच्या नशिबी ते सुख नाही. माझी बैठक मात्र जन्मापासून चुळबुळी. एका उंचीवर ती फार दिवस कधी टिकलीच नाही.

माझा दांडा लेथवर कातला गेला. कातणारा कारागीर प्रत्येक आट्यावरून अंगठा फिरवून पाहायचा. "आटा चांगला हवा," तो सुताराला म्हणाला होता, "लाकूड काय, कुणीही घासतं." सुतार त्यावर दिवसभर त्याच्याशी बोलला नाही आणि त्या रागातच त्याने माझी बैठक आरशासारखी गुळगुळीत केली. अशा दोघांच्या भांडणातून मी जन्मलो आणि पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत रुजू झालो.

तिथे माझ्यावर बसायची ती ताई. धाकटा भाऊ फाटकातून "ताई!" अशी हाक मारायचा, म्हणून ती सगळ्यांचीच ताई झाली. काचेच्या नळीतला रंग बदलेपर्यंत थांबावे लागे, तेवढ्यात ती पुस्तक वाचून घ्यायची. एकदा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारले, "गेल्या वर्षी तू एका पुस्तकाचं एवढं कौतुक करत होतीस, काय होतं गं त्यात?"

ताईने तोंड उघडले. "त्यात एक बाई असते."

"बरं. आणि?"

"आणि... छान आहे. तू वाच."

"बाई असते हे मला मुखपृष्ठावरूनही दिसतंय," मैत्रीण हसली.

ताई हसली नाही. त्या दिवशी तिने मला इतके फेरे दिले, की माझ्या दांड्याला ऊब आली.

मग तिने स्वतःवरच प्रयोग केला. काही पुस्तके वाचून झाल्यावर ती लगेच भावाला सांगायची. काही मुद्दाम कुणालाच सांगायची नाही. पुढे काही महिन्यांनी कोणती किती उरली, ते पाहायची. भाऊ बिचारा जेवणाचे ताट पुढे ओढत विचारायचा, "ताई, आज सांगायची पाळी आहे की न सांगायची? न सांगायची असेल तर मला भात जास्त वाढ." निकाल स्पष्ट होता. नुसते वाचलेले पाण्यासारखे उडून जात होते. सांगितलेले तळाशी साका धरून राहत होते.

प्रयोगशाळेत गाद्यांच्या खुर्च्या आल्या आणि मी भंगाराच्या ढिगात गेलो. त्याच सुमारास ताईनेही नोकरी सोडली. जाताना तिने मला ढिगातून ओढून काढले आणि काखोटीला मारले.

तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाहेरच्या खोलीत पुस्तके, आतल्या खोलीत मी आणि एक खिडकी. दारावर पाटी लावली: 'वाचा. सांगा. मग पुढचे न्या.' महिन्याची वर्गणी भरायची, पुस्तक न्यायचे. परत आणताना ते न उघडता माझ्यावर बसायचे आणि आठवते ते सांगायचे. थोडे सांगा, चुकीचे सांगा, पण सांगितल्याशिवाय दुसरे मिळणार नाही. प्रत्येक पुस्तकाला ताई पातळ कागदाची पट्टी चिकटवून द्यायची. वाचकाने ती स्वतः फाडायची. पुस्तक उघडताना आवाज झाला पाहिजे, असे तिचे म्हणणे.

पहिले आले ते हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेला माणूस माझ्यावर बसताना चक्क घाबरला होता. समुद्रात हरवलेल्या नावाड्याची गोष्ट त्यांनी सांगितली. नावाड्याचे नाव विसरले, बेटाची दिशा चुकवली. मग एकदम म्हणाले, "तो परत येतो ना, तेव्हा त्याच्या बायकोने त्याचं ताट मांडलेलं असतं. रोज मांडायची ती. मी हे वाचलं आणि घरी फोन केला, की आज लवकर येतो."

ताईने त्यांच्या हातात दुसरे पुस्तक ठेवले. तेव्हापासून खोली भरू लागली. कुणी माझ्यावर बसून हसले, कुणी डोळे पुसले, एका मुलीने तर फिरता फिरता अख्खी गोष्ट उलट्या क्रमाने सांगितली. माझी बैठक घासून चकचकीत झाली. लोक म्हणायचे, "आज स्टूलवर बसायचंय, पुस्तक संपवायला हवं." मित्रांनो, लाकडाला अंगावर मूठभर मांस चढत नाही, पण चढले असते तर तेव्हाच.

वर्गणी मात्र भाड्यापुरतीच यायची. धाकट्याने आपली पक्की नोकरी सोडली आणि तो ताईच्या मदतीला आला. संगणकावर त्याचा हात चांगला चालायचा. "ताई, लोक लांब राहतात, रोज कोण येणार इथे? आपण प्रश्न पाठवू. फोनवर उत्तरं देतील. बरोबर आलं की पुढचं पुस्तक घरपोच." ताईने प्रश्न लिहिले. ती शास्त्र शिकलेली, अर्धवट काम तिला जमतच नाही. प्रत्येक पुस्तकाचा गाभा तिने प्रश्नांत असा बांधला, की एकामागून एक सोडवताना सगळी गोष्ट उलगडत जावी.

धंदा वाढला. बाहेरच्या खोलीत खोक्यांच्या थप्प्या लागल्या. सगळे म्हणाले, पाहा, लोकांच्या आता किती लक्षात राहते! फोनवर लोकांना शंभरपैकी शंभर गुण मिळत होते.

आणि माझ्यावर पाण्याचा जार आला.

जाराच्या तोटीतून थेंब गळायचा. तो माझ्या दांड्यावरून ओघळायचा. आधी आटे कुरकुरले, मग गंजले, मग जाम झाले. ज्याला जन्मभर फिरायची सवय, त्याला एका उंचीवर उभे राहावे लागले. बाहेरून मी शांत दिसत होतो. आतून मला क्षणभर चैन नव्हते.

हेडसर एकदा आत डोकावले. "ताई, मी नापास झालो. होडीचा रंग विचारला होता. मी निळा म्हणालो, हिरवी निघाली. आयुष्यभर पोरांना नापास केलं, आता माझी पाळी."

"सर, बसा ना, सांगा," ताई म्हणाली. पण बसणार कुठे? त्यांनी जाराकडे पाहिले, पुस्तक टेबलावर ठेवले आणि निघून गेले. पुन्हा आपणहून आले नाहीत.

त्यानंतर एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. त्यांना ताईचे प्रश्न हवे होते. हजारो पुस्तकांसाठी असेच प्रश्न ताईने आणि धाकट्याने तयार करायचे; पगार, कचेरी, सगळे कंपनीचे. एकच अट: पुस्तके आणि खोली नको. सांभाळायला जागा लागते, पाठवायला माणसे लागतात.

"हो म्हणू या ताई," धाकटा म्हणाला.

"बघते."

आठवड्याने त्याने पुन्हा विचारले. "बघते." महिना उलटला. "बघते, म्हटलं ना." भिजत घोंगडे तसेच पडून राहिले. ताईचे झाले होते धरले तर चावते, सोडले तर पळते. खोली वाचवावी तर भावाने सोडलेल्या नोकरीचे ओझे मनावर; हो म्हणावे तर ज्यासाठी स्वतःची सोडली तेच जाते. ती खोलीत येरझाऱ्या घालायची. जाता येता सवयीने माझ्या बैठकीला हात लावून फिरवू पाहायची. बैठक हलायची नाही. तिचा हात तिथेच थबकायचा.

"तू बघतेस आणि मी वाट बघतो," धाकटा एकदा चिडून म्हणाला. "घरात दोघांनी नुसतं बघत बसायचं का?"

मग एक दिवस परत आलेली खोकी ताई स्वतः फोडायला बसली. एक पुस्तक काढले, उलटसुलट केले आणि बाजूला ठेवले. दुसरे काढले. तिसरे काढले. पुस्तकांवरच्या पट्ट्या तशाच होत्या. न फाटलेल्या, ताईच्या हाताने चिकटवलेल्या.

गुणांत पहिल्या नंबरावर असायची ती दातांची डॉक्टरीण. ताईने तिला फोन लावला. समोरून अगदी सरळ उत्तर आले, "अहो, वेळ कुठे आहे वाचायला? आणि गरज काय? तुमचे प्रश्नच इतके छान असतात. चार प्रश्न सोडवले, की पाचव्याचं उत्तर कळतं. शेवटी गोष्ट पाठ होते. मी तर मैत्रिणींनाही सांगते, हे वाच, ते वाच."

ताईने फोन ठेवला. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि आड मीच बुजवला. मन लावून बुजवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जार उचलून खाली ठेवला. मला आडवे केले. आट्यांचा गंज घासून काढला, शिवणयंत्राचे तेल सोडले आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मी कर्रर्र केले. मित्रांनो, ते दुखणे मी कुणाला सांगू? पण मग एक आटा सुटला, दुसरा सुटला, आणि मी फिरलो.

तुम्हाला एवढेच सांगतो. लोखंडाला झिजण्याची भीती नसते, थांबण्याची असते. रोज फिरणारा आटा चकाकतो. ठेवून दिलेला गंजतो. तुमच्या घरात एखादे न वापरलेले शिवणयंत्र असेल, सायकल असेल, कधीकाळी वाचलेले पुस्तक असेल, तर त्याला अधूनमधून फिरवा. पुस्तकाला तेल लागत नाही. ऐकणारे एक माणूस लागते.

दुपारी कंपनीचे साहेब उत्तर घ्यायला आले. खुर्च्यांवर खोकी होती, म्हणून ते माझ्यावर बसले. बोलता बोलता डावीकडे, आणखी डावीकडे वळत राहिले. त्यांचे बूट फरशीवरून सुटले. खिडकीपाशी हेडसर उभे होते. ताईने त्यांना फोन करून बोलावले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही वर चाललाय."

"तुमच्या सगळ्या पुस्तकांत मला शंभर गुण आहेत," साहेब सावरून बसत म्हणाले.

"त्यांतलं एखादं सांगता?" ताईने विचारले.

"कुठलंही विचारा."

"विचारत नाही. तुम्हीच सांगा."

साहेबांनी तोंड उघडले. ते तसेच मिटले. मग ते हसले, खाली उतरले आणि कपडे झटकू लागले. ते नुसतेच उघडलेले तोंड मला ओळखीचे होते. कितीतरी वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत "छान आहे, तू वाच" म्हणणारा चेहरा मला आठवला.

"ताई, उत्तर दे त्यांना," धाकटा म्हणाला. "काय असेल ते दे. पण आज 'बघते' म्हणू नकोस."

ताई माझ्यावर बसली. साहेबांनी मला इतके वर नेले होते, की तिचे पाय लोंबकळत होते. ती उजवीकडे वळू लागली. एक फेरा, आणखी एक फेरा. दोन्ही टाचा फरशीला टेकल्या तेव्हा ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "प्रश्न विकायचे नाहीत. आपणही आजपासून पाठवायचे नाहीत."

"अर्धे लोक सोडून जातील, ताई."

"ते आले कुठे होते?"

धाकट्याने खोक्यांवरच्या न फाटलेल्या पट्ट्यांकडे पाहिले. मग खिशातून फोन काढला आणि बोट तयार ठेवून विचारले, "मग लोकांना कळवू काय?"

"एवढंच कळव," ताई म्हणाली. "पुस्तक वाचून झालं असेल, तर सांगायला या. आम्ही ऐकतोय."